पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेली लष्करी गाडी (हाफ-ट्रॅक) आता का बनत नाही?

कारण ती जे दोन फायदे देत होती, ते आता वेगवेगळ्या गाड्या जास्त चांगले देतात. नागपुरात ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो, म्हणून इथलंच उदाहरण देतो: पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरचं मागचं चाक फसलं की ते जागेवरच फिरत खड्डा करतं. पट्टा वजन लांब पसरवतो, म्हणून तो खाली जात नाही. पण पूर्ण पट्ट्यांच्या गाडीला वळवायला वेगळी, महागडी यंत्रणा आणि तयार चालक लागतो. हाफ-ट्रॅकमध्ये पुढची चाकं स्टिअरिंगला, मागचे पट्टे ओढायला. ट्रक चालवणारा माणूस ती लवकर शिकायचा. फ्रेंच अभियंता ॲडॉल्फ केग्रेसच्या रबरी पट्ट्यांच्या सिट्रोएन गाड्यांनी १९२२-२३ मध्ये सहारा पार केला, तो याच जोरावर.

मात्र सगळ्या सारख्या नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन एम३ हाफ-ट्रॅकच्या पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळायची. जर्मन २५१ हाफ-ट्रॅकच्या पुढच्या चाकांना ती मिळत नव्हती, पण स्टिअरिंग जास्त फिरवलं की आतल्या बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागायचा. तिची पट्ट्यांमधली, एकमेकांत गुंतवलेली चाकं मात्र मेकॅनिकसाठी डोक्याला ताप: मध्ये चिखल अडकायचा, रशियाच्या थंडीत तो गोठायचा, आणि आतलं एक चाक बदलायला आधी बाहेरची काढा!

महायुद्धानंतर सर्व चाकांना ताकद देणारे ट्रक सुधारले आणि १९६० च्या सुमारास एम११३ सारख्या हलक्या, पूर्ण पट्ट्यांच्या गाड्या आल्या. तरी इस्रायलने जुने एम३ पुढे बरीच वर्षं वापरले.