काचेवरची घोषणा

प्रश्न : मुलाला नव्या गाडीच्या मागच्या अख्ख्या काचेवर 'इन्किलाब झिंदाबाद'चं रेडियम हवंय. तोच टी-शर्ट आणि कीचेन आधीच आणलंय. त्याचे वडील भडकलेत. टाकू द्यावं का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, टाकू द्या, पण अख्खी काच नको. मी बावीस वर्षं रेडियम कापतोय. काचभर अक्षरं आली की आरशात मागची गाडी दिसत नाही, आणि गाळपाच्या दिवसांत होटगी रोडला उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या धावतात. खालच्या कडेला चार बोटं उंचीची एक ओळ पुरे. नंबरप्लेटवर मात्र एक अक्षरही नको, नियमात बसत नाही.

घोषणा विकली जाते याचं मला वाईट वाटत नाही. युसूफ मेहेरअलींनी १९४२ साली 'क्विट इंडिया'चे बिल्ले काढलेच होते. वाईट वाटतं ते पोरं काहीच माहीत नसताना कापून मागतात तेव्हा. ही घोषणा मौलाना हसरत मोहानींची, १९२१ची. भगतसिंगांमुळे ती घराघरात पोचली. रेडियम टाकण्याआधी त्याला चार हुतात्मा पुतळ्यांपाशी न्या. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. आपल्या गावचे हे चौघे १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फासावर गेले. नावं त्यालाच वाचू द्या, मोठ्याने.

'झिं'वरचा अनुस्वार सगळ्यात आधी सुटतो, तो नीट दाबून घ्या. आणि पुढे काढायचं झालं तर ब्लेड लावू नका, आतून चिकटवलं असेल तर काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या बारीक तारा तुटतात. हेअर ड्रायरने गरम करून कोपऱ्यातून हळू ओढा.