बोटीवरचा स्वीट : बोली लावावी की नाही?

प्रश्न : आम्ही उभयता विश्रामबागेत राहतो. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात मी पस्तीस वर्षे हिशेबनीस होतो. येत्या जानेवारीत आमच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होतील, म्हणून पुण्याच्या मुलाने सिंगापूरहून निघणाऱ्या ४ रात्रींच्या क्रूझचे बुकिंग करून दिले आहे. वाटेत पेनांग आणि फुकेत ही दोन बंदरे आहेत आणि एक दिवस पूर्ण समुद्रात आहे. खोली बाल्कनीची, आठव्या डेकवर (मजल्यावर), बोटीच्या मध्यभागी आणि लिफ्टजवळ आहे. गेल्या आठवड्यात कंपनीचा ई-मेल आला की माणशी किमान १५० डॉलरची बोली लावल्यास आम्हाला स्वीट, म्हणजे मोठा आलिशान कक्ष, मिळू शकेल. मुलगा म्हणतो, ‘बाबा, आयुष्यात एकदाच जाताय, लावून टाका.’ सौभाग्यवतींच्या गुडघ्याचे दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झाले आहे आणि त्यांना घाटात गाडी लागते. पैसे आहेत, परंतु उधळण्याची सवय नाही. काय करावे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बोली लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण हिशेबाची माणसे असल्यामुळे कारणेही हिशेबानेच सांगते.

आधी एका शब्दाचा घोटाळा दूर करू. इंग्रजीत ज्याला ‘स्वीट’ म्हणतात त्याला आपल्याकडे बरेच जण ‘सूट’ म्हणतात, आणि मराठीत सूट म्हणजे सवलत असल्यामुळे ‘सूट मिळेल’ हे वाक्य वाचताना मन नकळत खूश होते. हा ई-मेल सवलतीचा नाही. बोटीवर न विकले गेलेले महागडे कक्ष शेवटच्या आठवड्यांत आधीच पैसे भरलेल्या प्रवाशांकडून आणखी काही रक्कम घेऊन भरण्याची ती पद्धत आहे आणि तीत गैर असे काही नाही. रॉयल कॅरिबियन या कंपनीत तिला ‘रॉयलअप’ म्हणतात, इतर कंपन्यांची नावे निराळी आहेत, परंतु कामाची रीत जवळपास सारखीच असते.

आपण हळदीचे सौदे पाहिले आहेत. तिथे ढिगाभोवती उभे राहिल्यावर समोरच्या व्यापाऱ्याची बोली कानावर येते आणि आपण किती पुढे जायचे ते ठरवता येते. इथे दुसऱ्याची बोली कधीच कळत नाही. पडद्यावर फक्त एक रंगीत काटा दिसतो, रक्कम वाढवली की तो ‘कमजोर’कडून ‘भक्कम’कडे सरकतो आणि त्याला सरकवत नेण्याचा मोह आवरणे कठीण जाते. बोली मंजूर होईपर्यंत ती बदलता किंवा मागे घेता येते, मात्र मंजूर झाली की रक्कम थेट कार्डावर पडते आणि ती सहसा परत मिळत नाही.

आता रक्कम पाहू. बोली माणशी असते, म्हणून १५० डॉलर म्हणजे दोघांचे ३०० झाले. सोयीसाठी डॉलर ९० रुपयांचा धरला तर २७,००० रुपये होतात. अनेक कंपन्यांत स्वीटमधील प्रवाशांकडून रोजची सेवा-बक्षिसी थोडी जास्त घेतली जाते. ती माणशी ३ डॉलरने जास्त धरली तर चार दिवसांचे २४ डॉलर, म्हणजे आणखी २,१६० रुपये. परकी चलनातल्या खर्चावर बरीच क्रेडिट कार्डे साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लावतात, त्याचे हजारभर. एकूण बेरीज ३०,००० रुपयांच्या पुढे जाते आणि हा किमान बोलीचा हिशेब आहे. काटा मध्यावर आणायचा तर रक्कम वाढणारच.

या रकमेत आपल्याला खोलीचा किती उपयोग होईल, हे तासांत मोजावे. झोपेचे तास वगळा, कारण डोळे मिटल्यावर दोन्ही खोल्या सारख्याच. पहिल्या दिवशी बोटीवर चढून सुरक्षा कवायत आटोपेपर्यंत संध्याकाळ होते, तेव्हा एक तास. पेनांग आणि फुकेतच्या दिवशी आंघोळ आणि कपडे बदलणे धरून दोन-दोन तास. समुद्रातल्या दिवशी दुपारची वामकुक्षी सोडून फार तर पाच-सहा तास, आणि शेवटच्या सकाळी बॅगा भरण्यात एक. सगळे मिळून फार तर बारा तास होतात. तीस हजारांना बारांनी भागले की तासाला अडीच हजार रुपये येतात. समुद्र दाखवणारी बाल्कनी आपल्याकडे आधीपासून आहेच, त्यामुळे हे अडीच हजार केवळ दोन खोल्यांमधल्या फरकाचे आहेत. मोठ्या बोटींवर साधी बाल्कनीची खोली दोनशे चौरस फुटांच्या आगेमागे, म्हणजे गुंठ्याचा पाचवा हिस्सा असते आणि लहान स्वीट साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा. फरक तेवढाच.

अर्थात स्वीट म्हणजे नुसती जागा नव्हे, असे आपले चिरंजीव म्हणतील आणि ते काही अंशी खरे आहे. नॉर्वेजियन कंपनीचा ‘हेवन’, एमएससीचा ‘यॉट क्लब’ किंवा सिंगापूरहून सुटणाऱ्या ‘जेंटिंग ड्रीम’ बोटीवरचा ‘पॅलेस’ हे विभाग बोटीत वसवलेली वेगळी वाडीच असतात : स्वतंत्र उपाहारगृह, स्वतंत्र तलाव, हाताशी बटलर. उलट ‘ज्युनिअर’ किंवा ‘मिनी’ असे शेपूट लावलेला स्वीट अनेकदा केवळ ऐसपैस खोली असते आणि वरच्या वर्गाच्या सोयी तिला मिळत नाहीत. तेव्हा नाव पाहून भुलू नये. कोणत्या सोयी मिळणार, हे बुकिंग करणाऱ्याकडून लेखी मागवावे.

आता खरी मेख. मुलाने आठवा डेक, मधला भाग आणि लिफ्टजवळची खोली विचार करून निवडली असावी, त्याला माझ्यातर्फे शाबासकी द्यावी. बोली लावताना आपण खोलीचा वर्ग निवडतो, खोली निवडत नाही. बोली मंजूर झाल्यावर कंपनी त्या वर्गातली जी रिकामी असेल ती खोली देते, मग ती कुठेही असो, आणि आधीची खोली हातची जाते. स्वीट बहुधा वरच्या डेकांवर असतात आणि त्यांतले बरेच अगदी पुढच्या किंवा मागच्या टोकाला. बोटीचे डोलणे तराजूच्या दांडीसारखे असते, मध्यावर कमी आणि टोकांना जास्त, शिवाय जितके उंच जावे तितके डावे-उजवे झुकणे अधिक जाणवते. पाण्याखाली दोन्ही अंगांना परांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते हे झुकणे बरेच कमी करतात, परंतु टोकांचे वर-खाली होणे त्यांना आवरत नाही. जानेवारीत मलाक्काच्या सामुद्रधुनीत आणि फुकेतकडे समुद्र बहुतेक शांत असतो, तेव्हा वहिनींना बोट लागेलच असे नाही. गुडघ्याचे मात्र तसे नाही. या बोटी तीनशे मीटरहून लांब असतात, टोकाच्या खोलीतून जेवायला जाऊन परत येण्याचे अंतर दिवसातून चार वेळा मोजावे आणि मगच ‘भव्य’ या शब्दावर विश्वास ठेवावा. त्यातून अनेक स्वीटमध्ये आंघोळीला टब असतो. त्याच्या उंच काठावरून ओला पाय पलीकडे टाकणे, शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला आणि तेही हलत्या जमिनीवर, हे काम मी कोणाला सांगणार नाही. बाल्कनीच्या साध्या खोलीत बहुधा सरळ उभे राहण्याचा शॉवर असतो.

माझा स्वतःचा अनुभव थोडक्यात सांगते. काही वर्षांपूर्वी मी आणि यजमानांनी अशीच बोली लावून स्वीट मिळवला होता. कोच, फुलदाणी, दोन टीव्ही, सर्व काही होते. पहाटे साडेपाचला डोक्यावर खर्रर्र असा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. यजमान उठून बसले आणि म्हणाले, ‘यार्डात पोती ओढतायत वाटतं.’ वरच्या डेकवर पोहण्याचा तलाव होता आणि कर्मचारी आरामखुर्च्या ओळीत लावत होते. तिन्ही पहाटे त्यांनी त्या चोख लावल्या. आम्ही आधी घेतलेल्या साध्या खोलीच्या वर आणि खाली खोल्याच होत्या, हे नकाशा पाहूनच मी ती निवडली होती, आणि मी ती आपल्या हाताने सोडली होती.

तीस हजार खर्च करण्याची तयारी असेलच तर ते पेनांगमध्ये करावेत. तिथले जॉर्ज टाउन २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि टेकडीवर जाणारी, दोराने ओढली जाणारी फ्युनिक्युलर रेल्वे १९२३ पासून चालू आहे. दिवसभरासाठी स्वतंत्र गाडी ठरवली तर गुडघ्याला त्रास न होता दोन्ही पाहून होते. फुकेतला मोठ्या बोटी पुष्कळदा किनाऱ्यापासून दूर नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान बोटींनी उतरवतात. त्या वेळी स्वीटवाल्यांना आधी सोडतात, हा स्वीटचा मला पटलेला एक खरा फायदा आहे, परंतु बोटीकडूनच घेतलेल्या सहलीच्या प्रवाशांनाही बहुधा आधीच उतरवले जाते. वहिनींच्या गुडघ्याबद्दल चढल्या दिवशीच स्वागतकक्षात सांगून ठेवावे, कारण लहान बोटीत पाऊल टाकताना दोन्ही बाजूंनी हात द्यायला माणसे उभी असतात.

प्रश्न : मुंबई ते गोवा अशी २ रात्रींची क्रूझ करण्याचा बेत आहे. मी, पती, दहावीतली मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. एजंट म्हणतात की चौघांना मिळून एक स्वीट घ्या, सगळे एकत्र राहाल. पटावे का?
— एक वाचिका, शाहूपुरी, सातारा

उत्तर : एजंटांना सकाळी साडेसहाला आपल्या घरी चहाला बोलवावे, म्हणजे चौघांना एक बाथरूम किती पुरते ते त्यांना दिसेल. स्वीटमधले तिसरे आणि चौथे अंथरूण बहुधा उलगडणारा सोफा किंवा भिंतीतून खाली येणारी बर्थ असते, आणि सासूबाईंना त्यांपैकी काहीच देता येणार नाही, म्हणजे आपण दोघे सोफ्यावर. त्यापेक्षा शेजारशेजारच्या दोन साध्या खोल्यांची किंमत विचारावी. अनेकदा ती एका स्वीटपेक्षा कमी निघते आणि बाथरूम दोन मिळतात. मधून दार असलेल्या खोल्या हव्यात, असे बुकिंगच्या वेळीच सांगावे, नुसते ‘जवळच्या’ म्हटले तर त्या एकाच मजल्यावर समोरासमोरही येऊ शकतात. काही कंपन्या प्रत्येक खोलीत किमान एक प्रौढ प्रवासी नोंदवायला लावतात. आपल्या बाबतीत मुलगी आणि आजी अशी जोडी आपोआप जमते.

एक काळजी घ्यावी. आतल्या बाजूच्या खोलीला खिडकी नसते आणि दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो. रात्री उठण्याची सवय असलेल्या सासूबाईंसाठी बाथरूमचा दिवा लावून दार किलकिले ठेवावे, किंवा त्यांची तरी खोली खिडकीची घ्यावी. एवढा जादा खर्च योग्य आहे.

प्रश्न : पुढच्या वर्षी जूनमध्ये आम्ही दोघे अलास्काची ७ रात्रींची क्रूझ करणार आहोत. पती निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना गर्दी, नाचगाणी, जुगार यांचे काहीच नाही, दिवसभर खोलीत वाचत बसतील. बाल्कनीची खोली आहे. किंमत मोजून स्वीट घेतला तर चुकेल का?
— एक वाचिका, मिरज

उत्तर : नाही चुकणार. विश्रामबागेच्या वाचकांना लावलेलाच तासांचा हिशेब आपल्याला लावला तर खोलीतले जागेपणीचे तास बारा नव्हे, पन्नास-साठ होतील आणि प्रत्येक तासाचा भाव बराच उतरेल. एक जण वाचत असताना दुसऱ्याला दिवा मालवून झोपता यावे, यासाठी मधला पडदा किंवा भिंत असलेली वेगळी बैठक खरोखर उपयोगी पडते. मात्र बोलीच्या भरवशावर राहू नये. मधल्या भागातला, वर आणि खाली खोल्याच असलेला स्वीट डेकच्या नकाशावर बोट ठेवून निवडावा आणि त्याची पूर्ण किंमत आजच विचारावी. आधीच्या खोलीचे भरलेले पैसे त्यातून वजा होऊन फक्त फरक द्यावा लागतो का, हेही त्याच वेळी विचारावे.

स्वीट बोटीच्या डाव्या अंगाला मिळाला की उजव्या, याची चिंता करू नये. हिमनदीसमोर पोहोचल्यावर कप्तान बोट सावकाश फिरवतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना दर्शन होते. आपली बोट ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात जाणार असेल तर उद्यानाचे रेंजर तिथे बोटीवर चढून माहिती सांगतात. ते निवेदन खोलीतल्या टीव्हीवर ऐकू येते का, हे आदल्या रात्री पाहून ठेवावे, कारण प्राध्यापकांना गर्दीत उभे राहायचे नाही. जूनमध्येही त्या बाल्कनीत हात गारठतात, म्हणून लोकरीचे हातमोजे वरच्या बॅगेत ठेवावेत.