दुःखात सोबत आहे, पण आनंदात?

ताई,
माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. नवरा मनानं खूप चांगला आहे. वडील आजारी होते तेव्हा त्यानं कित्येक रात्री दवाखान्यात काढल्या, माझ्या ऑपरेशननंतर महिनाभर सगळं घर सांभाळलं. पण काही चांगलं घडलं आणि मी त्याला सांगायला गेले, की हिरमुसून परत येते. मला बढती मिळाली तेव्हा तो म्हणाला, ‘बरं झालं. पण आता उशीर होत जाणार, झेपेल का तुला?’ आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. हळूहळू मी सांगणंच सोडून दिलं. गेल्या महिन्यात कामाबद्दल पुरस्कार मिळाला, तेव्हा पहिला फोन मी एका मैत्रिणीला केला. नवऱ्याला ते शेजाऱ्यांकडून कळलं. ‘मला का नाही सांगितलंस?’ एवढंच विचारून तो दोन दिवस गप्प होता. इतक्या चांगल्या माणसाबद्दल तक्रार करते, म्हणजे माझंच काही चुकतंय का?
– एक वाचक

तुमचं काहीही चुकत नाही, हे आधी सांगते. तो चांगला आहे आणि तुम्हाला वाईट वाटतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अडचणीत धावून येतो तो आपला, असं आपण सगळेच मानतो. पण त्यापायी आनंदातही कुणीतरी सोबत लागतं, हे मागायचीच लाज वाटू लागते.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांनी नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला आहे. जोडीदाराची खूशखबर ऐकल्यावर माणसं साधारण चार प्रकारे वागतात, असं त्यांनी 2004 साली मांडलं. कुणी मनापासून विचारपूस करतं, कुणी ‘छान’ म्हणून विषय संपवतं, कुणी त्यातली खोट दाखवतं, तर कुणी ऐकलंच नाही असं वागतं. यातल्या फक्त पहिल्या प्रकाराचा जवळिकीशी चांगला संबंध दिसला. कोरडं ‘छान’ सौम्य वाटतं खरं, पण तेही उरलेल्या दोघांच्याच पंगतीत बसलं. पुढे 2006 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 79 प्रेमी जोडप्यांची बोलणी चित्रित केली. एकदा चांगल्या घटनेबद्दल, एकदा वाईट. नातं किती सुखाचं आहे आणि ते टिकेल का, याचा अंदाज वाईट बातमीपेक्षा चांगल्या बातमीवरच्या प्रतिसादावरून जास्त नीट येत होता. तेव्हा तुम्हाला जे टोचतंय ते क्षुल्लक नाही.

आता तुमच्या नवऱ्याबद्दल. पत्रातून मला जो माणूस दिसतो, त्याचं प्रेम काम समोर असलं की जागं होतं. दवाखान्यात औषधं आणायची असतात, डॉक्टरांना गाठायचं असतं, रात्री मुक्कामाला थांबायचं असतं. तिथे काय करायचं ते त्याला कळतं. आनंदाच्या बातमीत करण्यासारखं काहीच नसतं, म्हणून तो तिथेही एखादी अडचण शोधून काढतो. ‘झेपेल का?’ ही त्याच्या लेखी काळजीच असणार. तुमच्यापर्यंत मात्र ती अविश्वास होऊन पोचते. (तो तुमच्या यशाची टिंगल करत असता, चारचौघांत तुम्हाला कमी लेखत असता, तर मी अगदी वेगळं उत्तर दिलं असतं. पत्रात तसं काही दिसत नाही.)

आणि ते दोन दिवसांचं मौन! ज्याला तुमच्या आनंदाचं सोयरसुतक नाही, तो माणूस ‘मला का नाही सांगितलंस?’ असं विचारत नाही. तो दुखावला गेलाय. त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही, बोलायला सुरुवात तिथूनच करा. दोघंही निवांत असाल तेव्हा सांगा: ‘तू विचारलंस ना, का नाही सांगितलंस? मला भीती वाटली, की तू लगेच काळजीचं काहीतरी बोलशील आणि माझा आनंद तिथेच विरून जाईल. मला तो तुझ्याबरोबरच हवा होता.’ ‘तू कधीच’, ‘तू नेहमी’ हे शब्द टाळा, त्यांनी समोरचा लगेच बचावाच्या पवित्र्यात जातो. मग मागणी अगदी साधी ठेवा. मी असं काही सांगत असेन तेव्हा फोन बाजूला ठेव, काय झालं, कसं झालं ते विचार, आणि काळजीचं असेल ते उद्या बोलू. कामाच्या माणसाला नेमकं काम सांगितलेलं आवडतं.

मैत्रिणीला आधी फोन केला यात गुन्हा नाही. मला काळजी वाटते ती त्याची सवय होण्याची. चांगलं ते बाहेर सांगितलं जाऊ लागलं, की घरात बोलायला बिलं, दुखणी आणि तक्रारी एवढंच उरतं.

एक गोष्ट जरा कडक वाटेल. तुमच्या पत्रात त्याच्या एकाही आनंदाचा उल्लेख नाही. त्याला अलीकडे कशानं बरं वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे का? कदाचित लहानपणी त्यानं आणलेल्या बातमीवरही कुणी ‘बरं, पुढे काय?’ एवढंच म्हटलं असेल. कौतुकानं पोरं बिघडतात असं मानणारी घरं कमी नाहीत. ज्याला असं कुणी विचारलंच नाही, त्याला दुसऱ्याला विचारायचं सुचत नाही. तेव्हा त्याच्या छोट्याशा बातमीवरही दोन प्रश्न तुम्ही जास्तीचे विचारून पाहा.

सुरुवातीला तो पाठ केल्यासारखं विचारेल. ‘मी सांगितलं म्हणून विचारतोस’ हे वाक्य तेव्हा तुमच्या ओठांवर येईल, ते गिळा. सांगितल्यावर का होईना, तो करतोय हे महत्त्वाचं, आणि नवी सवय आधी अवघडलेलीच असते. मधूनच जुनं ‘झेपेल का?’ पुन्हा निघेल, तेव्हा हसून ‘ते उद्या’ म्हणा. दोन-तीन महिने मनापासून करूनही काहीच हललं नाही, तर विवाह समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जा. तो यायला तयार नसेल, तर तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल.