बंद पडेल त्या दिवसापासून

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची आकडेमोड मिळाली. दोन्ही दोनदा वाचली. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातल्या त्या पाड्यासाठी सोलर पंप बसवायचा, ओहोळाकाठच्या विहिरीतून पाणी वर चढवायचं, वर टाकी आणि टाकीपासून चार ठिकाणी नळ. ४० घरं, २०० माणसं, माणशी ५५ लिटर म्हणजे दिवसाला ११,००० लिटर. चढ ६० मीटर. तुम्ही काढलेली ऊर्जा बरोबर आहे. नुसतं पाणी उचलायला १.८ युनिट, पंप, मोटर आणि पाइपातली घट धरून साडेचार-पाच युनिट, म्हणजे पाच तासांचं चांगलं ऊन धरलं तर एक किलोवॉटच्या थोडी वर पॅनेल. मी दीड धरली असती, कारण उन्हाळ्यात पॅनेल तापतात आणि त्यांच्यावर धूळ बसते. पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, या पानावर कुणी बोट ठेवणार नाही.

पंप कोणत्या कंपनीचा घ्यावा, असं तू विचारलंयस. त्याकडे शेवटी येतो. आधी मला सांग, ती विहीर तुम्ही पाहिलीत ती डिसेंबरात ना? फोटोत पाणी काठापासून हातभर खाली दिसतंय आणि मागे गवत अजून पिवळं पडायचं आहे.

मोखाड्यात पाऊस दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे. तरीही मार्च उलटला की पाड्यापाड्यावर टँकरची वाट बघतात, कारण खाली काळा कातळ आहे, वर मातीचा थर पातळ आहे आणि उतारावरून पाणी धावत निघून जातं. डिसेंबरातली विहीर पाहून मे महिन्याबद्दल काहीच कळत नाही. पंपाचा पहिला खरा दिवस मे महिन्यात उजाडणार आहे आणि तुमच्या परीक्षा नेमक्या त्याच महिन्यात आहेत. कॉलेजचं वर्ष आणि पाड्याचं वर्ष एकमेकांशी जुळत नाही. अशा प्रकल्पांमध्ये जे बिघडतं त्यातलं बरंचसं या एका गोष्टीतून बिघडतं, असं मला इतक्या वर्षांनी वाटतं.

म्हणून मे महिन्यात जा. सोबत मोजपट्टी, सुतळी आणि घड्याळ, एवढंच घे. विहिरीचा व्यास तू ४ मीटर लिहिलायस, म्हणजे पाण्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर. पहाटे बायका पाणी भरून गेल्या की पातळी मोज आणि मग दर तासाला मोजत राहा. तासाला ५ सेंटिमीटर चढली तर झरा तासाला सहाशेच्या वर लिटर देतोय, तुमचं काम होईल. एकच सेंटिमीटर चढली तर सव्वाशे लिटर, म्हणजे अख्ख्या दिवसरात्रीत तीन हजार. मग ११,००० लिटरचा पंप दुपारपर्यंत कोरडा चालून जळेल. आणि त्या तीन हजारांवर आधीच कुणाचा तरी हक्क आहे, हे त्याहून महत्त्वाचं. ओहोळाच्या पलीकडच्या वस्तीतल्या बायका तिथेच येतात का? गुरं कुठे पितात? वर टाकी भरली आणि खालची विहीर आटली तर तुम्ही पाणी आणलं नाही, इकडचं तिकडे केलं. हा प्रश्न ग्रामसभेत विचारून उत्तर मिळत नाही. पहाटे पाचला विहिरीवर जाऊन बस. वही बाहेर काढू नकोस. दोर ओढायला हात लाव आणि ऐक. सभेत मागे बसून गप्प राहणाऱ्या बायका तिथे बोलतात.

आणखी एक. तुमच्या सर्वेक्षणात जानेवारीत २२ घरं भेटली, १८ बंद होती, असं तू लिहिलंयस आणि पुढे त्या १८ घरांचा उल्लेखच नाही. ती माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली असणार, भिवंडी-वसईच्या बाजूला. दिवाळीनंतर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे टंचाई सर्वांत तीव्र असते तेव्हाच पाड्यावर माणसं वाढतात. ज्यांनी तुमच्या फॉर्मवर उत्तरं दिली ती निम्मीच. बाकीच्यांना विचारल्याशिवाय पाड्याने होकार दिला असं लिहू नकोस.

आता माझी एक गोष्ट सांगतो. १९८८ साली आम्ही चौघांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मावळातल्या एका वाडीजवळ हायड्रॅम बसवला होता. ओढ्याचं पाणी पाइपातून वेगाने खाली येतं, झडप आपटून बंद होते आणि त्या दणक्याने थोडं पाणी उंचावर चढतं. वीज नको, डिझेल नको. पंप दिवसरात्र ठकठक करत चालायचा आणि वरच्या वाफ्यांत पाणी पडायचं. गावाने नारळ फोडला, आम्हाला जेवू घातलं. आम्ही उत्तम गुणांनी पास झालो आणि पांगलो. सव्वा वर्षाने मी एकटाच तिकडे गेलो तेव्हा पंप बंद होता. झडपेचं रबर फाटलं होतं. ते फाटणार हे आम्हाला माहीत होतं, म्हणून दोन जादा रबरं देऊन ठेवली होती. ती दोन्ही पेटीत तशीच होती.

वाडीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ट्रकच्या ट्यूबमधून अगदी मापाने कापलेली एक चकती मला दाखवली. रबर काय करतं, ते का फाटलं, तिथे काय बसवायचं, हे त्यांना सगळं समजलं होतं. अडलं होतं बोल्टपाशी. आम्ही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मिळाले म्हणून एलन बोल्ट वापरले होते. दिसायला सुबक, पण आत षट्कोनी खाच. वाडीत पाने होते, पकड होती, हातोडी-छिन्नी होती. एलन की मात्र एकाही घरात नव्हती. चार साधे बोल्ट लावले असते तर तो पंप त्या म्हाताऱ्यांच्या हातून आणखी कित्येक वर्षं चालला असता. त्यांनी कापलेली ती चकती मी मागून घेतली. ती अजून माझ्या टेबलावर आहे आणि विद्यार्थी ड्रॉइंग घेऊन आले की माझी नजर आधी बोल्टांकडे जाते.

तेव्हापासून मी कुठलीही रचना बंद पडेल त्या दिवसापासून मागे वाचतो. काय मोडेल? ते प्रथम कुणाच्या लक्षात येईल? तो माणूस कुठल्या हत्याराने उघडेल? सुटा भाग कुठल्या बाजारात मिळेल आणि पैसे कोण देईल? ही उत्तरं पाड्यावरच्याच कुणाकडे तरी असतात. म्हणून तो माणूस ड्रॉइंग काढायच्या वेळी समोर हवा. उद्घाटनानंतर त्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन ही कसर भरून निघत नाही.

तू रोज पाहतेस त्या हापशाचंच बघ. १९७२च्या दुष्काळाच्या आसपास महाराष्ट्रात ठिकठिकाणी कातळात बोअर पाडले गेले आणि त्यांवर ओतीव लोखंडाचे हापसे बसले. ते परदेशात एकेका कुटुंबाच्या अंगणासाठी केलेल्या पंपांच्या नकला होते. इथे एकेका हापशावर पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसं. दांडे तुटायचे, खिळ्या झिजायच्या, हापसे भराभर बंद पडायचे. सुधारणा झाली ती मोडलेले हापसे रोज पाहणाऱ्यांच्या हातून. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमध्ये काम करणाऱ्यांनी पोलादी हापसा बनवला, अनेक सांध्यांऐवजी एकाच आसावर हलणाऱ्या दांड्याचा. सोलापुरात तो आणखी सुधारला. त्याच सोलापुरी हापशावरून पुढे युनिसेफ, मद्रासची मेराडो ही संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास या कारखान्याने मिळून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंडिया मार्क टू तयार केला. दांड्याच्या टोकाला साखळी, म्हणजे आतली सळई सरळ वरखाली होते. बेअरिंग बंदिस्त. पाया काँक्रीटच्या ओट्यात पक्का, म्हणजे सांडपाणी परत बोअरमध्ये जात नाही. त्यावर कुणाचं पेटंट ठेवलं नाही. पुढे हा हापसा आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला. त्याची सुरुवात आपल्या जालना-सोलापुरातली आहे, हे आपल्या मेकॅनिकलच्या वर्गात कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पण तिथेही एक गोष्ट अडलीच. बोअरच्या आतलं वायसर झिजलं की मार्क टूची सगळी पाइपलाइन वर ओढावी लागते. तीसचाळीस मीटर लोखंडी पाइप, म्हणजे तालुक्याची गाडी आणि चारपाच माणसांचं पथक. गाडी येईपर्यंत गाव थांबलेलं. म्हणून ऐंशीच्या दशकात कोईमतूरच्या बाजूला प्रत्यक्ष गावांत चाचण्या करून मार्क थ्री आला. ३२ मिलिमीटरऐवजी ६५ मिलिमीटरचा पाइप घेतला, म्हणजे आतला दट्ट्या त्याच पाइपातून वर काढता येतो, पाइप हलवावा लागत नाही. चामड्याऐवजी नायट्राइल रबराचं वायसर आलं, ते जास्त टिकतं. गावातली दोन माणसं ते काम करू शकतात. तरी मोठा पाइप महाग आणि जड, म्हणून बऱ्याच ठिकाणी मार्क टूच बसत राहिला. खरेदीच्या वेळी पाइपची किंमत कागदावर दिसते, गाडीची वाट बघत गेलेले आठवडे कागदावर येत नाहीत. तुमच्या अंदाजपत्रकात मात्र ते आठवडे लिहा. त्यासाठी एक वेगळा रकाना करा.

उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकात दलित आणि आदिवासी बायकांनी हापसे दुरुस्त करायचं काम शिकून घेतलं होतं. पाणी भरणारीच्याच हातात पाना आला. तुमच्या पाड्यावर बचत गट आहे असं तू लिहिलंयस. पाणी सोडायला एक पुरुष ऑपरेटर नेमायचा, असं तुमच्या आराखड्यात आहे. तो भट्टीवर गेला की काय? जी कुटुंबं वर्षभर पाड्यावर राहतात त्यांतल्या दोघीजणींना आत्तापासून सोबत घ्या. पाइप जोडताना, वायर लावताना त्यांच्याच हातांनी लावा.

पंपाबद्दल. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. ब्रशलेस मोटरचा पंप कार्यक्षम असतो, पॅनेल कमी लागतात आणि तुमच्या रिपोर्टमध्ये तो शोभून दिसेल. पण तो त्याच कंपनीच्या कंट्रोलरवर, म्हणजे पॅनेलची वीज मोटरला जुळवून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर, चालतो आणि कंट्रोलर गेला की डबा सीलबंद. साध्या तीन फेज एसी मोटरला पॅनेल थोडी जास्त लागतील, दीडच्या जागी दोन किलोवॉट समज. कंट्रोलर तिलाही लागतो, पण तो दुसऱ्या कंपनीचा बसवता येतो. मोखाड्यात, जव्हारमध्ये किंवा त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला जळालेल्या मोटरचं वाइंडिंग पुन्हा भरून देणारं दुकान शोध. त्याच्यासमोर बसून विचार, कुठल्या मोटरी त्याच्याकडे येतात, कुठल्या तो घेतच नाही, भरायला किती घेतो. त्याचं उत्तर हा तुमचा निवडीचा निकष. मी एसी मोटर घेईन.

पैशांचं थोडक्यात. घरटी ३० रुपये महिना म्हणजे ४० घरांचे १,२०० होतात, पण भट्टीवर गेलेली घरं सहा महिने देतील का, हे त्यांनाच ठरवू द्या. मोखाडा पेसाखाली येतो, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली. अबंध निधीतून, म्हणजे कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायच्या पैशातून, मोठ्या दुरुस्तीची तरतूद करण्याचा ठराव पाड्याच्या ग्रामसभेने घेतला तर चांगलं. तो ठराव त्यांच्या शब्दांत असू दे, तुमच्या रिपोर्टच्या भाषेत नको.

हे सगळं एका वर्षात बसणार नाही, मला माहीत आहे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९९५ साली एपिक्स नावाने याच प्रकारचं काम सुरू झालं. तिथे पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतची मुलं एकाच गटात असतात. मुलं बदलतात, पण गट आणि समोरची संस्था वर्षानुवर्षं तीच राहते. तुमच्या विभागाला हे सुचव. निदान तुमच्यापुरतं तरी करा. तिसऱ्या वर्षाच्या दोघांना आत्ताच सोबत न्या आणि पाड्यावरच्या लोकांना सांगा की पुढच्या वर्षी ही दोघं येतील.

आणि मे महिन्याच्या मोजणीत झरा तीन हजार लिटरच देतोय असं निघालं तर पंप बसवू नका. तसं रिपोर्टमध्ये लिहा. विहिरीतला गाळ काढणं, ओहोळात भूमिगत बंधारा घालणं, पावसाचं पाणी साठवायला टाकी, यातलं काहीतरी आधी करावं लागेल. तासातासाच्या पातळीचा तक्ता हेच तुमच्या प्रकल्पाचं काम ठरेल. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक बचत गटाकडे, मराठीत, मोठ्या अक्षरांत. तुमच्या गाइडना हे पटलं नाही तर मी त्यांच्याशी बोलेन.

तुमचा शेवटचा पेपर कधी संपतो ते कळव. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीने निघू. पहाटेची पातळी मोजायची म्हणजे आदल्या रात्री पाड्यावरच राहावं लागेल, तसं तिथे विचारून ठेव. शिधा आपण घेऊन जाऊ आणि पिण्याचं पाणीसुद्धा, त्यांच्या हंड्यातलं नको. मोजपट्टी तीस मीटरची आण, माझी पंधराची आहे.

अनेक आशीर्वाद.

तुझे सर