पायरीवर पाय का देत नाहीत?

प्रश्न : आईला पंढरपूरला नेलं होतं. महाद्वारात तिनं आधी चोखोबांच्या समाधीला हात जोडले, मग नामदेव पायरीवर डोकं टेकवलं आणि ती पायरी ओलांडून आत गेली. पायरीवर पाय का देत नाहीत? आणि चोखोबांची समाधी देवळाबाहेरच का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : आईंनी केलं ती वारकऱ्यांची रीतच आहे. आमच्या घरात माळ जुनी. आजी आम्हा पोरांना दंडाला धरून अलगद पायरीपलीकडे उतरवायची, "नामदेव आहेत रे तिथं" म्हणत. येणाऱ्याजाणाऱ्या संतांची पायधूळ माथ्यावर पडावी म्हणून नामदेवांनी १३५० साली घरच्यांसह तिथं समाधी घेतली, अशी आपली परंपरा. (पंजाबात घुमानचे लोक ती आपल्याकडे असल्याचं मानतात.) त्यांनी धूळ मागितली खरी, पण त्यांच्या माथ्यावर पाय द्यायला वारकऱ्याचं मन धजत नाही.

आता चोखोबा. ते मंगळवेढ्याचे, जातीनं महार. १३३८ साली तिथं गावकुसाच्या कामावर राबत असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले. कथा अशी, की नामदेव तिथं गेले, ढिगाऱ्यातलं एकेक हाड कानाशी धरत राहिले. ज्यातून 'विठ्ठल विठ्ठल' ऐकू आलं तेवढी हाडं उचलून पंढरीला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. ही कथा सांगताना आजही माझा आवाज कापतो.

बाहेर का, याचं उत्तर मात्र कडू आहे. जिवंतपणी त्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, म्हणून समाधीही दाराबाहेर झाली. पुढे सहाशे वर्षं त्यांच्या जातीची माणसं विठोबाला हात जोडायची ती इथूनच. ते दार उघडावं म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि शेवटी १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहाव्या दिवशी उपोषण सुटलं, मंदिर सगळ्यांना खुलं झालं. कीर्तनकारांनी हाडांची कथा सांगावीच, पण गुरुजींचे ते दहा दिवसही त्याच बैठकीत सांगावेत, असं मला फार वाटतं.

पुढच्या खेपेला आईंना मंगळवेढ्यालाही न्या. पंढरपूरहून पंचवीसेक किलोमीटर, एसटी मिळते.