द्रोह, द्वेष आणि चिथावणी

प्रश्न असा आला आहे: ‘हेट स्पीच’ला मराठीत ‘द्वेषमूलक भाषण’ म्हणावे की ‘चिथावणीखोर भाषण’, आणि कायद्याने अडवायचे ते यांतले कोणते?

द्वेष आणि चिथावणी यांचे रूढ अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. आधी तिसऱ्याच शब्दाचे, ‘द्रोह’चे, बोलू, कारण बातम्यांच्या पट्टीत तो रोज चुकीचा धावतो: ‘वादग्रस्त घोषणा, देशद्रोहाचा गुन्हा दाखल’. भारतीय दंड संहितेत देशद्रोह नावाचा गुन्हा नव्हताच. कलम १२४-अ होते राजद्रोहाचे, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तोही शब्द उरलेला नाही. राज्यकर्ता म्हणजे देश, असे समीकरण ही पट्टी रोज आपल्या गळी उतरवते आहे.

द्रोह म्हणजे द्वेष, असे लिहून शालेय कोश मोकळे होतात. हे साफ अपुरे आहे. ‘द्रुह्’ धातूत दगा आहे, दिलेला शब्द मोडणे आहे. इराणकडे पाहा. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, याचा सख्खा भाऊ ‘द्रुज’, अर्थ असत्य. इराणी सम्राट दारयवहूने (इंग्रजीतला डरायस) बेहिस्तूनच्या कड्यावर कोरून ठेवले आहे की देशात ‘द्रौग’ माजला. तो द्रौग म्हणजे खोटेपणा. आणि सगळ्यांत देखणी जोडी ही: करार मोडणाऱ्याला अवेस्ता ‘मिथ्रो-द्रुज’ म्हणते, तर गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन म्हणतो, ‘मित्रद्रोहे च पातकम्’. हजारो मैलांवर तोच समास, तेच दोन शब्द! मित्र या शब्दाचा जुना अर्थही करारच. तेव्हा शब्द दिलेला असेल तर द्रोह. सरकार न आवडणे हा द्रोह कसा होईल?

तसा तो केला गेला, १८९७ साली मुंबईत, टिळकांवरच्या खटल्यात. तो खटला मुळात शब्दार्थाचाच होता असे माझे ठाम मत आहे. न्या. स्ट्रॅची यांनी जूरीला सांगितले की १२४-अ मधले ‘डिसअफेक्शन’ म्हणजे ‘अफेक्शन’चा, प्रीतीचा, अभाव. ही फोडच चुकीची. आपल्या वैयाकरणांनी नकाराचे सहा अर्थ सांगितले आहेत. अभाव हा त्यांतला एक, विरोध हा वेगळा. ‘अमित्र’ म्हणजे मित्र नसलेला कोणीही नव्हे, शत्रू. नाहीतर रस्त्यावरचा प्रत्येक अनोळखी माणूस अमित्र ठरेल. जूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. टिळकांना १८ महिने सक्तमजुरी झाली.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने १२४-अ मध्ये ‘द्वेष’ हा शब्द घातला, आणि त्याच दुरुस्तीत १५३-अ जन्मले: समाजाच्या दोन वर्गांत वैर पसरवण्याचे कलम, आजच्या न्याय संहितेतले १९६. दोन्ही एकाच माळेचे मणी असे काही कायदेपंडित सांगतात. मला ते मुळीच मान्य नाही. एक सरकारला प्रजेच्या नावडीपासून जपत होते, दुसरे शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून जपते. पहिले गेले ते योग्यच, दुसरे हवेच. लाठ्या घेतलेल्या जमावापुढे उभा राहून वक्ता एका वस्तीकडे बोट दाखवतो, तेव्हा त्याला अडवायलाच हवे. त्याच्या मनात काय आहे हे शोधत बसायला तिथे वेळ नसतो.

आता शब्दांकडे. ‘द्वेषमूलक’ म्हणजे ज्याच्या मुळाशी द्वेष आहे ते. हा शब्द बोलणाऱ्याच्या मनाकडे मागे वळून पाहतो. ‘द्वेषजनक’ ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो ते पाहतो. चिथावणी त्याच्याही पुढची, ती हाताला कामाला लावते. संविधानाच्या १९(२) मध्ये भाषणावरच्या निर्बंधांची कारणे मोजून दिली आहेत. त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था आहे, गुन्ह्याला चिथावणी आहे. द्वेष हा शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या आणि कायद्याचा हात तिसरीवरच पोचतो असे सांगितले.

३१ ऑक्टोबर १९८४. इंदिरा गांधींची हत्या झालेली, आणि त्याच संध्याकाळी चंदीगडला एका सिनेमागृहाबाहेर दोघांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या. त्या क्षणी याहून झोंबणारे शब्द कोणते असतील? पण गर्दीतून काही प्रतिसाद आला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये १२४-अ आणि १५३-अ, दोन्हींतून त्यांना मोकळे केले.