संदर्भ व्होल्टेज कोणता घ्यावा?

प्रश्न : आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर जोडला आहे. लॅपटॉपवर आणि मोबाइलच्या चार्जरवर तापमान वेगवेगळं दिसतं. सेन्सर खराब आहे का?

उत्तर : सेन्सर बहुधा ठीक आहे. उनो मूळ सेटिंगमध्ये ५ व्होल्टचा पुरवठाच मोजपट्टी, म्हणजे संदर्भ व्होल्टेज, म्हणून वापरतो. यूएसबीवर तो ४.८ झाला, की २५ अंशांचे २६ दिसतात. शिवाय मोजमापाची एक पायरी, म्हणजे ओळखता येणारा सर्वांत लहान फरक, ४.९ मिलिव्होल्टची. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ती जवळपास अर्ध्या अंशाची.

प्रोग्राममध्ये अंतर्गत १.१ व्होल्टचा संदर्भ निवडा. पायरी ०.१ अंशावर येते. मात्र ११० अंशांच्या वर मोजता येणार नाही. हा संदर्भ प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ व्होल्ट असू शकतो. म्हणून एकदा ॲनालॉग वाचन करून एरेफ (AREF) या संदर्भ व्होल्टेजच्या पिनवर मल्टिमीटर लावा आणि मिळालेला आकडाच सूत्रात घाला. संदर्भ बदलल्यावरची पहिली काही वाचनं टाकून द्या. एरेफ ते ग्राउंड १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवा. उनोवर तो असतोच.

एरेफला बाहेरून व्होल्टेज देणार असाल, तर आधी प्रोग्राममध्ये बाह्य संदर्भ निवडा. नाहीतर आतला आणि बाहेरचा पुरवठा एकमेकांना भिडून चिप जळू शकते.

एलएम३५ऐवजी पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रोध) किंवा थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रोध) त्याच ५ व्होल्टवर असेल, तर संदर्भही ५ व्होल्टच ठेवा. सेन्सरचं व्होल्टेज आणि संदर्भ दोन्ही एकत्रच वरखाली होतात, गुणोत्तर तेच राहतं.